एका पेशीची भिंत

माझ्या हातून पेशी मरत नाहीत, अशी आमच्या विभागात माझी ख्याती होती आणि मला तिचा माज होता. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी शिकवते. त्या काळात शिकवण्याच्या जोडीला पीएच.डी. चालू होती. लातूरच्या डाळमिलमधली धूळ छातीत गेली की फुफ्फुसाच्या अस्तराच्या पेशींचं काय होतं, हा विषय. मिलमधून पिशव्या भरभरून पिवळी धूळ आणायची, गाळायची आणि प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर सोडायची. हा थर एका पेशीएवढाच जाड असतो. आतड्याचं अस्तरही तसंच. बाहेरून आत आलेलं काहीबाही आणि आपलं रक्त यांच्यामध्ये निसर्गानं एवढीच भिंत ठेवली आहे. शेजारशेजारच्या पेशी काही प्रथिनांच्या मदतीनं एकमेकींना घट्ट धरून असतात. कधी धरायचं आणि कधी सैल सोडायचं, याचे हुकूम त्या प्रथिनांना आतून सुटतात. हुकूम चुकला की भिंतीत फटी पडतात. मी त्या फटी मोजायची. थराच्या वर एक आणि खाली एक अशी तारेची दोन टोकं बुडवायची आणि वीज किती अडते ते पाहायचं. कमी अडली की समजायचं, पकड सुटली.

या पेशींचे फार लाड करावे लागतात. त्यांना एक दिवसाआड ताजं गुलाबी पाणी द्यायचं; ते पिवळं पडलं म्हणजे त्यांचं काहीतरी बिनसलं. त्यांच्यापायी मी रविवार पाहिला नाही की सण पाहिला नाही. एका भाऊबीजेला भावाला ओवाळलं आणि दुपारच्याच एसटीनं नांदेडला निघाले. "आज तरी राहा की," माय म्हणाली. मी म्हणाले, "पेशींच्या जेवणाची वेळ झाली." सगळे हसले. त्याच घरात, आतल्या खोलीत, माझी भावजय पोटात अन्न ठरत नाही म्हणून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्याकडे मी डोकावलेसुद्धा नाही.

आमचं घर चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात. वडील मी बारावीत असतानाच गेले. घरात माय, शेती करणारा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. ती बिलोलीकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. आमच्या घरातली भाकरी मात्र तोवर बंद झाली होती आणि ती बंद करणारी मीच. मायचं लहानपण दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीवर गेलेलं. भाकरीचं नाव काढलं की तिच्या तोंडाची चव जायची. त्यात तिची मनगटं दुखायला लागली. मला पहिला पगार झाला तेव्हा मी जाहीर केलं, आता या घरात कुणी भाकरी थापायची नाही. तोवर शेतात सगळं सोयाबीन आणि मागून हरभरा झालाच होता. ज्वारीचा पेरा गेला, गहू आला. पाहुण्यांना माय मुद्दाम ऐकवायची, "आमच्यात दोन्ही टायमाला पोळीच असती." पोळी हा आमच्या घराचा मान होता.

भावजय लग्न होऊन आली तेव्हा अंगानं चांगली भरलेली होती. सहा महिन्यांत तिची गालफडं बसली. पोट फुगायचं, दिवसातून चार-पाचदा पळावं लागायचं, एकदा चक्कर येऊन न्हाणीत पडली. माहेरी गेली की पंधरा दिवसांत तिचा रंग पालटायचा आणि आमच्याकडे परतली की महिन्याभरात पुन्हा वाळायची. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं विचारलं असतं की ही माहेरी खाते काय. आम्ही विचारलं की हिला माहेरी शिकवतात काय.

"माहेरात बरी आन् सासरात बिमार," माय म्हणायची. "असला कुठला आजार असतोय?"

मी तिला लातूरला नेऊन रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी, सगळं करून घेतलं. रक्त कमी निघालं. बाकी कागद कोरे. घरी आल्यावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी औषधाची डॉक्टर नाही, तेव्हा तर कसलीच नव्हते, पण गावात मला डॉक्टरीणच म्हणतात आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. वर्गात शिकवते त्या आवाजात मी सांगून टाकलं, "हिच्या शरीरात काही नाही. मनात आहे. हिला इथं मन लावायचंच नाही." भावजय दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तिनं माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी तिनं मला न्हाणीपाशी एकटीला गाठलं. "आक्का, आत्याला सांगा ना. मला ज्वारीची भाकर करून खाऊ द्या. माझी मीच थापते. भाकर खाल्ली की पोट गप राहतंय."

तिनं एका वाक्यात आजार सांगितला होता, कारण सांगितलं होतं आणि औषधही सांगितलं होतं. मी म्हणाले, "लोकांना पोळी मिळत नाही आणि तुला ती पचत नाही होय?" माझ्या बोलण्यावर मीच खूश झाले, हे मला पक्कं आठवतं.

त्याच सत्रात मी एम.एस्सी.च्या वर्गाला आतड्याच्या अस्तराचं प्रकरण शिकवत होते. त्यात गव्हाच्या आजारावर एक पान आहे. काही माणसांचं शरीर गव्हातल्या एका प्रथिनाला वैरी समजतं. आतड्याच्या पेशींची पकड सुटते, अन्न शोषून घेणारे बोटांसारखे उंचवटे झडून जातात, आणि माणूस भरल्या ताटावर बसून उपाशी राहतो. पडद्यावर मी चित्रं दाखवली, निरोगी आतडं आणि झडलेलं आतडं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपल्याकडे असतो का हा?" मी म्हणाले, "आपण ज्वारी खाणारी माणसं. हा पंजाबकडचा आणि गोऱ्यांचा आजार. परीक्षेपुरता वाचा." त्या दिवशी माझ्या डब्यात पोळीच होती.

पुढच्या हिवाळ्यात तिला दिवस गेले होते, पाचवा महिना होता. येळवस आली. त्या अमावस्येला आमच्या भागात गावं ओस पडतात. सगळे रानात जाऊन कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात, तिच्यात पाच दगडांची पूजा होते आणि मग जेवण. कडधान्यांची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, ज्वारीची ताकातली आंबट अंबील आणि गव्हाची खीर. आम्ही ज्वारी पेरत नसल्यानं कोपीसाठी कडबा शेजाऱ्याकडून मागून आणला होता. त्या दिवशी भावजय सकाळपासून कामात होती. जेवायला बसली आणि तिनं सहा उंडे खाल्ले, भज्जी दोनदा घेतली, अंबिलीचे दोन पेले प्यायली. शेजारच्या बायकांच्या कसल्याशा बोलण्यावर हसलीही. ती आमच्या घरात मोकळेपणी हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मायनं मला कोपरानं ढोसलं. "बघ. सहा उंडे खाल्ली. बिमार माणूस खातंय का इतकं?"

मला पुरावा मिळाला. बाजरी, ज्वारीची अंबील, डाळी, भाज्या, यांतल्या कशातच गहू नव्हता, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की बाई ढोंग करते. तेवढ्यात खिरीचं पातेलं फिरत आलं. तिनं ताटावर हात आडवा धरला. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "प्रसादाला नाही म्हणत नाहीत. स्वतःसाठी नको तर पोटातल्या लेकरासाठी खा." मी उठून स्वतःच्या हातानं तिची वाटी काठोकाठ भरली. तिनं माझ्याकडे बघत बघत ती संपवली. परतताना बांधावरच तिला भडभडून उलटी झाली आणि मग ती उभीच राहू शकेना. भावानं तिला आधार देत रस्त्यापर्यंत आणलं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हा आमच्याकडचा रिवाज. सातव्यात ओटी भरायची आणि लेकीला बिलोलीला पाठवायचं, असं ठरलं होतं. ते मी मोडलं. "माहेरी हिचे लाड होतात आणि परत आली की इथं नाटकं चालू," मी भावाला म्हणाले. "मी तिला आत्ताच नांदेडला नेते. माझ्या नजरेखाली दोन महिने नीट खाऊ घातलं की बघ कशी होते ती." भावानं मान डोलावली. तो माझ्यापुढे कधीच बोलत नसे. भावजयीला कुणी विचारलं नाही.

माझ्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या दारावर, मी तिचा तक्ता लावला. सकाळी दुधातला गव्हाचा दलिया. दुपारी दोन पोळ्या. चार वाजता तुपात भाजलेल्या कणकेचा डिंकाचा लाडू. रात्री परत पोळ्या. सोबत लोहाच्या गोळ्या. लाडू मी रात्री जागून वळले होते, बदाम घालून. दर रविवारी तिला काट्यावर उभी करायचे आणि वजन तक्त्यात लिहायचे. पोट पुढे येत होतं आणि वजन उतरत होतं. प्रयोगाचे आकडे बिघडले की माझ्या मनात पहिली शंका यायची, कुणीतरी हात मारलाय. मी तिची खोली उलथीपालथी केली. उशीच्या खोळीत पोळ्यांचे वाळलेले तुकडे सापडले.

त्या दिवसापासून मी तिला समोर बसवून जेवू घालायला लागले. घास तोंडात गेला की तो गिळेपर्यंत मी नजर काढत नसे. एकदा म्हणाले, "माझ्या पेशी तुझ्यापेक्षा शहाण्या. देते ते खातात." ती रडली नाही. प्रत्येक घासामागे पाण्याचा एक घोट घेत तिनं ताट संपवलं आणि मग न्हाणीत जाऊन नळ सोडला, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

एक दिवस तिचे वडील बिलोलीच्या एसटीनं आले. खांद्यावर टॉवेल, एका हातात पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात धडप्यात बांधलेल्या भाकरी. भाकरी अजून कोमट होत्या; पहाटे थापून घेऊन निघाले असणार.

"लेक फोनवर मागून राहिली होती, ताई. म्हणून आणल्या."

"मामा, इथं तिला कमी काय आहे?"

"कमी न्हाई. तुमच्या घरी कमी कशाला असंल. तिला बरं वाटतंय त्यानं, म्हणून."

मी सांगितलं की ती आताच झोपली आहे, उठवू नका. ती झोपलेली नव्हती, न्हाणीत होती. ते खुर्चीच्या कडेवर दहा मिनिटं बसले, पाणी प्यायले, आतल्या दाराकडे दोनदा पाहिलं आणि गेले. भाकरी आणि पीठ मी खाली वॉचमनला देऊन टाकलं. ती बाहेर आली आणि खोलीच्या मध्यात थांबली.

"बाबा आलते का? भाकरीचा वास येऊलालाय."

"आले होते. गडबडीत होते."

तिनं ओट्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग विचारलं, "अन् भाकरी?" मी तक्त्यावर बोट ठेवलं. आज मला स्वतःच्या ज्या गोष्टींची किळस वाटते, त्यांत ते बोट सगळ्यांत वर आहे.

सातवा संपायच्या आतच ती बाळंत झाली. मुलगी. माझ्या एका तळहातावर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माझ्या पेशीही तसल्याच उबदार पेटीत असायच्या, सदतीस अंशांवर, आणि तिथं माझ्या हातून काही मरत नसे. मुलगी तीन दिवस जगली. भाऊ आला, दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिला. माय आली नाही. फोनवर म्हणाली, "हिच्यातच जीव न्हवता, लेकरात कुठून येणार?" मी तेव्हा मायला गप्प बसवलं नाही, कारण मलाही मनातून तसंच वाटत होतं. तक्ता मी इमानदारीनं पाळला होता. चूक माझी असणं शक्यच नव्हतं.

भावजयीचं रक्त गोळ्यांनी चढेना, सलाइननं चढेना. तेव्हा दवाखान्यातली एक तरुण डॉक्टर तिच्या खाटेशी बसली आणि तिनं असा प्रश्न विचारला जो दोन वर्षांत आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता. "काय खाल्लं की तुम्हाला बरं वाटतं?"

भावजय माझ्याकडे बघत म्हणाली, "भाकर."

मग गव्हाच्या आजाराची रक्ततपासणी झाली. मग घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. तपासणी विभागातली बाई माझ्या ओळखीची होती. तिनं मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. निरोगी आतड्यात बोटांसारखे उंचवटे एकमेकांना खेटून उभे असतात, त्यांच्यावर उंच, ताठ पेशींची एकेरी रांग. इथं काहीच उभं नव्हतं. सगळं सपाट, काढणी झालेल्या रानासारखं. रांगेतल्या पेशी बसक्या झालेल्या आणि त्यांच्यात पांढऱ्या पेशी घुसलेल्या. ते चित्र मला नवं नव्हतं. मी ते वर्गात पडद्यावर दाखवलं होतं आणि परीक्षेपुरतं वाचा म्हणाले होते.

लेकरू याच्यामुळंच गेलं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं ती डॉक्टर म्हणाली. उपचार न झालेल्या आईच्या बाबतीत असं होऊ शकतं, इतकंच. या वाक्याच्या आड लपायचा मला फार मोह झाला. अजूनही होतो.

मी वॉर्डात गेले आणि तिला समजावून सांगितलं. गव्हानं तुझ्या आतड्याचं अस्तर गेलंय. गहू बंद केला की ते परत उगवेल, नव्या पेशी सारख्या तयार होतच असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालेल. गव्हाचा कण नको, आयुष्यभर. ती शिव्या देईल, तोंड फिरवेल, निदान रडेल, अशी माझी अपेक्षा होती. तिनं विचारलं, "म्हंजी तुम्ही घालत होता ते लेकराला बी बाधत होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यातून तिला नीट काही पोचतच नव्हतं."

उत्तर बरोबर होतं. आणि मी ते तिच्या दूध सुकवायला बांधलेल्या छातीकडे बघत दिलं.

तिथूनच ती बिलोलीला गेली आणि आठ महिने आली नाही. भाऊ आणायला गेला तेव्हा तिनं सांगितलं की तवा वेगळा, परात वेगळी, चूल वेगळी आणि शेतात ज्वारी पेरणार असाल तर येते. भावानं ज्वारी पेरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला न विचारता काही केलं. "सुनेपायी घरात भाकर आली," असं माय वर्षभर कुरकुरत होती. मग मायला साखर निघाली आणि डॉक्टरनं सांगितलं, ज्वारीची भाकरी खा. आता ती रोज सुनेच्या हातची भाकर खाते आणि पाहुण्यांना सांगते, "आमच्यात भाकरच असती. पोळीनं शुगर वाढती."

मला पीएच.डी. मिळाली. प्रबंधाच्या सुरुवातीला घरच्यांचे आभार मानायचे असतात. मायचे मानले, भावाचे मानले. भावजयीबद्दल ओळ लिहायला घेतली आणि काय लिहू ते कळेना, म्हणून तशीच सोडून दिली.

तिला पुढे मुलगी झाली, बिलोलीला, दिवस पूर्ण भरून. आता अडीच वर्षांची आहे. गेल्या येळवशीला मी रानात गेले. कोपीला कडबा घरचा होता. खीर होती, पण तांदळाची. भावजयीच्या अंगावर पुन्हा मांस चढलंय; ती भराभर वाढत फिरत होती, बायकांशी बोलत होती. माझ्याशीही ती नीट वागते. "आक्का, बसा. आक्का, पाणी घ्या." एका शब्दानं तिनं मला कधी काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मला सोपं गेलं असतं, आणि ते तिला कळतं असं मला वाटतं.

पोरगी उंडा हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी नुकता हरभऱ्याचा डहाळा उपटून आणला होता. एक घाटा सोलला, त्यातला हिरवा दाणा बोटांत धरला आणि तिच्या तोंडापुढे नेला. तिनं ओठ घट्ट मिटले. दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि आईकडे पाहिलं.

भावजय अंबील वाढत होती. तिनं मान वर केली नाही. "आक्काच्या हातचं खायचं न्हाई. सांगितलंय न्हवं तुला." विहिरीपाशी जायचं नाही हे जसं लेकरांना सांगतात, तसं ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग माझ्याकडे वळून, "बसा आक्का, तुमचं ताट करते."

सगळ्यांनी ऐकलं. भाऊ बांधाकडे बघायला लागला. माय उंडा कुस्करत राहिली. मी सांगणारच होते, अगं हरभरा आहे, यानं काही होत नाही. यात काय आहे आणि काय नाही, ते माझ्याइतकं त्या रानात कुणालाच माहीत नव्हतं. पण लाडवांच्या वेळीही मला सगळं माहीत होतं, आणि तेव्हाही मी हेच म्हणाले होते. तिनं पोरीला बरोबर शिकवलं आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच शिकवलं असतं.

दाणा बोटांत तसाच होता. मी तो माझ्याच तोंडात टाकला. पोरगी समोर उभी राहून बघत होती, मी तो गिळेपर्यंत.